तुलनेच्या सावलीतील स्वर

एन.आर.सी. कारखान्याभोवती वाढलेल्या मोहने-आंबिवलीच्या बाजारपेठेत काय किंवा मुंबईतील एखाद्या चाळीत काय, साठच्या दशकात दुकानातील रेडिओवर एखादे मधुर गीत लागले की ऐकणाऱ्यांत सहज वाद रंगावा, असे दोन आवाज होते. ‘हा लताबाईंचाच स्वर’, असे एकाने ठामपणे सांगावे आणि जाणकाराने हसून मान हलवावी. त्या मान हलवण्यामागे ज्या गायिकेचे नाव दडलेले असे, त्या म्हणजे सुमन कल्याणपूर.

सुमनताईंचा जन्म 28 जानेवारी 1937 रोजी ढाका येथे झाला. माहेरचे आडनाव हेमाडी. वडील शंकरराव सेंट्रल बँकेत वरिष्ठ अधिकारी होते. 1943 मध्ये हे कुटुंब मुंबईस आले. चित्रकलेची ओढ असल्याने सुमनताईंनी जे. जे. कला महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्याच सुमारास केशवराव भोळे यांच्याकडे गाण्याचे धडेही सुरू झाले. 1952 मध्ये आकाशवाणीवर गायनाची संधी मिळाली आणि लवकरच चित्रपटसृष्टीचे दार उघडले. 1958 मध्ये मुंबईतील व्यावसायिक रामानंद कल्याणपूर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

दार उघडले खरे. पण उंबरठ्यावरच तुलना उभी होती. आवाज नाजूक, पातळ आणि तारसप्तकात सहज फिरणारा. ऐकणाऱ्यास लता मंगेशकर यांची आठवण व्हावी, असाच. साठच्या दशकात मानधनाच्या हक्कावरून लताबाई आणि महंमद रफी यांच्यात मतभेद झाले व काही काळ दोघांचे एकत्र गाणे थांबले. त्या काळात रफीसाहेबांसमवेत अनेक युगुलगीते सुमनताईंच्या वाट्याला आली. ‘राजकुमार’, ‘जब जब फूल खिले’ आणि ‘ब्रह्मचारी’ या चित्रपटांतील त्यांची युगुलगीते आजही समारंभांतून वाजतात; आणि आजही कितीतरी श्रोते ती लताबाईंचीच समजतात.

येथेच या गोष्टीतील खरी वेदना आहे. अपयश पदरी पडलेल्या माणसाला निदान अपयश तरी स्वतःच्या नावाचे असते. गाणे घरोघरी पोहोचावे आणि त्याचे श्रेय मात्र दुसऱ्याच्या खात्यावर जमा व्हावे, हे सोसणे अधिक अवघड. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालत आली आहे, त्यांना आपल्या मालावर दुसऱ्याची मोहोर उमटण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

तरीही सुमनताईंनी या प्रश्नाला कधी कटुतेने उत्तर दिले नाही. महाविद्यालयीन दिवसांत आपण लताबाईंचीच गाणी गात असू आणि त्यांचा प्रभाव आपल्यावर होता, हे त्यांनी मुलाखतींतून मोकळेपणाने मान्य केले. आवाज मुळातच नाजूक आणि पातळ, त्याला आपण काय करणार, असा त्यांचा साधा सवाल असे. रेडिओ सिलोनवर गायकांची नावे सांगितली जात नसत, ध्वनिमुद्रिकांवरही काही वेळा चुकीचे नाव छापले जाई. त्यामुळे गोंधळ वाढला असावा, एवढेच त्या नोंदवीत.

तुलनेचा काटा किती चंचल असतो, याचा दाखला खुद्द लताबाईंच्या आयुष्यात सापडतो. ‘शहीद’ या चित्रपटाच्या वेळी निर्माते शशधर मुखर्जी यांनी त्यांचा आवाज फार पातळ म्हणून नाकारला होता. संगीतकार गुलाम हैदर यांनी मात्र त्यांच्यावर विश्वास टाकला. नूरजहाँसारख्या गायिकांच्या भरदार स्वरांच्या जमान्यात जे उणेपण ठरले, तेच पुढे मापदंड बनले. आणि त्याच मापाने मग सुमनताईंना मोजले गेले. धाकट्या भगिनी आशा भोसले यांनी जाणीवपूर्वक वेगळी गायकी घडवून या मापातून सुटका करून घेतली. सुमनताईंनी आपला स्वर बदलला नाही. देहाबरोबर आलेला स्वर त्यांनी तसाच जपला.

त्याचे फळ मराठी श्रोत्यांनी भरभरून चाखले. दशरथ पुजारी यांनी स्वरबद्ध केलेल्या त्यांच्या भावगीतांना आणि भक्तिगीतांना महाराष्ट्राने आपल्या देवघरात जागा दिली. 1977 च्या ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ या चित्रपटातील त्यांच्या अंगाईवर दोन पिढ्या झोपी गेल्या. तेथे ‘हा कोणासारखा आवाज?’ असे कोणी विचारले नाही.

विशेष म्हणजे 1959 च्या ‘चाँद’ या चित्रपटात हेमंतकुमार यांच्या संगीतात लताबाई आणि सुमनताई एकत्र गायल्या आहेत. दोन्ही स्वर शेजारी ठेवून ऐकले की साम्य जाणवते, तसेच वेगळेपणही. पुढे महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार सुमनताईंना लाभला. ज्या नावाने आयुष्यभर पाठ सोडली नाही, त्याच नावाचा सन्मान त्यांनी नम्रतेने स्वीकारला. 2023 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण जाहीर केले. त्या यादीत मात्र त्यांचेच नाव होते.

आपल्या घरांतही थोरल्याच्या यशाने धाकट्याला आणि सासूच्या हाताच्या चवीने सुनेला मोजले जाते. मोजणाऱ्यास तो कौतुकाचाच एक प्रकार वाटतो. मोजल्या जाणाऱ्याचे मात्र त्यात नाव हरवते. पुढच्या वेळी रेडिओवर तो नाजूक स्वर कानी पडला, तर क्षणभर थांबून नाव विचारावे. कलावंताचे एवढे देणे आपण सहज फेडू शकतो.