सोळा जानेवारी : एक तारीख, तीन प्रसंग

तिथीवर चालणारी आपली घरे. इंग्रजी तारखा आपण फारशा जपत नाही. तरी १६ जानेवारी या तारखेपाशी थोडे थांबण्यासारखे आहे.

१६८१ मध्ये याच दिवशी रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याचा धागा फोंड्यापर्यंत येतो. १६८३ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज विजरईने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा महाराज स्वतः धावून आले आणि विजरईला माघार घ्यावी लागली. फोंडा पोर्तुगीज अमलाखाली गेला तो १७६३ मध्ये, पेडणे १७८८ मध्ये. तिसवाडी, बारदेश, साष्टी मात्र सोळाव्या शतकातच गेले होते. मधल्या दोन शतकांत आपल्याकडे देवळे, कीर्तने, पोथ्या टिकल्या आणि त्यांच्याबरोबर मराठीही.

१९०१ मध्ये याच तारखेला न्यायमूर्ती रानडे निवर्तले. १८७८ च्या पुण्यातील ग्रंथकार संमेलनाला त्यांचा पुढाकार होता. आपल्यासारख्या संस्थांचे मूळ तिथे आहे.

तिसरा प्रसंग १९६७ चा, जनमत कौलाचा. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाला फूल, विरोधाला दोन पाने अशी चिन्हे होती. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. फोंडा, पेडणे, डिचोलीत फुलाचे बळ मोठे. निकाल लागला तो असा : दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा.

आपल्यापैकी अनेक घरांना तो पराभव वाटला, आणि तो मराठीचा पराभव आहे असेही पुष्कळांनी मानले. हे दुसरे मात्र तपासून पाहावे. विलीनीकरणाविरुद्धची एक मोठी लढाई ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातूनच लढली गेली. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे गाजलेले सदर त्यातलेच. म्हणजे दोन्ही बाजू लोकांना पटवत होत्या त्या मराठीतून. आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत लोकांनी भाऊसाहेबांनाच पुन्हा सत्तेवर बसवले. विलीनीकरण नाकारणाऱ्या गोव्याने त्याचा पुरस्कर्ता नाकारला नाही.

कौल होता राज्यव्यवस्थेचा. राजभाषेचा निर्णय वीस वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेत झाला : कोकणी राजभाषा, आणि शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. आजच्या राज्याची वाट १६ जानेवारीच्या त्या निकालातूनच निघाली, हे फुलाला मत देणाऱ्या घरांनीही मोकळेपणाने म्हणावे.

त्या वेळी मतदानाचे वय २१ होते. त्या दिवशी रांगेत उभा असलेला सर्वांत तरुण मतदारही आज ऐंशीच्या आसपास असेल. घरी असे कोणी असेल तर जवळ बसून विचारा : फूल की दोन पाने, आणि का? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. आकडे दप्तरात सापडतील, ते ‘का’ तिथे सापडणार नाही.