क्वार्टर गेटचं देऊळ

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघायला गेलेले लोक मागच्या घाटावर उतरतात आणि तिथं टांगलेल्या भल्यामोठ्या घंटेपाशी थबकतात. घंटेवर बाळ येशूला कडेवर घेतलेली मरियामाता उठवलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठी फौजेबरोबर घाटावर आल्या. एक भीमाशंकरला गेली, एक नाशकात नारोशंकराच्या देवळात, एक इथं आली. ही गोष्ट आपण हौसेनं सांगतो. पण वसईनंतर ५३ वर्षांनी पुण्यात, याच नानांचं नाव लागलेल्या नाना पेठेत, पेशव्यांनी स्वतः चर्चला जागा दिली ही गोष्ट पुणेकरही फारशी काढत नाहीत.

साल १७९२. गादीवर अठरा वर्षांचे सवाई माधवराव, कारभार नानांचा. पेशव्यांच्या फौजेत तेव्हा परमुलखातली माणसं मोप होती. अरब होते, रोहिले होते, गोसावी होते, तसेच गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाईही होते. दॉम मिगेल द नोरोन्या हा त्यांचा अंमलदार. प्रार्थनेसाठी जागा हवी, ही त्यांची मागणी होती.

आता प्रार्थना तर राहुटीतही करता येते. मग जागेचा हट्ट कशाला? कॅथलिक माणसाची अडचण वेगळी असते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, पाद्रीच करणार. पापांची कबुली पाद्रीच ऐकणार. मूल झालं की बाप्तिस्मा, मरण जवळ आलं की अखेरचा तैलाभ्यंग, आणि मग ख्रिस्ती रीतीची मूठमाती. ज्याचा धंदाच तोफेच्या तोंडी उभं राहण्याचा आहे, त्याला यातलं शेवटचं काम कधीही लागू शकतं. पाद्री हवा म्हणजे त्याला वेदी हवी, आणि वेदीला छप्पर हवं. पेशव्यांचं औदार्य मोठं होतंच, पण मला त्यात हिशेबही दिसतो. ज्याला इथं मरायची भीती वाटत नाही, तो शिपाई पळून जात नाही.

चर्चचं अधिकृत नाव मरियामातेच्या निष्कलंक गर्भसंभवावरून आहे, पण रिक्षावाल्याला सांगायचं ते ‘सिटी चर्च’. आज दिसते ती इमारत पुढच्या शतकातली. जागा मात्र तीच, क्वार्टर गेटपाशी, एका अंगाला पेठा आणि दुसऱ्या अंगाला कॅम्प. गोव्याकडचे लोक चर्चला इगर्ज म्हणतात, वसईचे आणि नगरकडचे जुने ख्रिस्ती सरळ देऊळ म्हणतात. पुण्यानं तर ज्यूंच्या प्रार्थनामंदिरालाही लाल देऊळ म्हणून टाकलं आहे, तेव्हा शब्दावरून भांडण नको.

पेशवाई बुडाली, कॅम्प वसला आणि चर्चची रांग लागली. इंग्रज पलटणींसाठी सेंट मेरीज झालं, १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी त्याचं समर्पण केलं. आयरिश सोजिरांसाठी १८५० मध्ये चर्च उभं राहिलं आणि त्याला त्यांच्या मायभूमीच्या संताचं, पॅट्रिकचं, नाव पडलं. गुरुवार पेठेत पंचहौदाचं चर्च १८८५ चं, उंच मनोऱ्याचं. यातली बहुतेक बांधकामं घरापासून लांब आलेल्या कुणासाठी तरी झाली.

पण इथं एक गंमत आहे. गोव्याचा शिपाई आणि आयर्लंडचा शिपाई, दोघं कॅथलिक, दोघांची मिस्सा लॅटिन, दोघांचा पोप एकच. तरी सिटी चर्च गोव्याच्या आर्चबिशपच्या अमलाखाली आणि आयरिशांचं चर्च मुंबईच्या, थेट रोमनं नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे. पोर्तुगालच्या राजाला मिळालेल्या जुन्या धार्मिक अधिकारांतून आलेला हा झगडा पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालला. म्हणजे गोव्याचा माणूस पुण्यात राहूनही चर्चच्या दप्तरात गोव्यातच होता. त्याला ते आवडतही असणार.

श्रद्धेनं माणसाला घर मिळतं हे खरं, पण त्या घरातही खोल्या असतात. पंडिता रमाबाईंना हे इंग्लंडात कळलं. आईवडील, भाऊ, नवरा सगळे गमावून पुण्यातून तिकडे गेलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये वाँटेज इथं जोगिणींच्या मठात असताना बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस. त्यानंतर त्या जोगिणींशी आणि धर्मगुरूंशी त्यांनी पत्रांतून घातलेले वाद वाचण्यासारखे आहेत. येशू पत्करला म्हणून इंग्लंडच्या चर्चचं प्रत्येक वाक्य पत्करायला बाई तयार नव्हत्या. त्या परत आल्या आणि पुढे केडगावला ज्यांना घरच उरलं नव्हतं अशा बायकामुलींसाठी मुक्ती मिशन उभं केलं.

मिस्सेची लॅटिन १९६० च्या दशकात व्हॅटिकनच्या परिषदेनंतर गेली. तिचा अर्थ कळत नव्हता, पण तो कुणालाच कळत नव्हता. मडगावचा, मंगळूरचा, मद्रासचा, सगळे सारखेच अडाणी. आता पुण्यातल्या कॅथलिक चर्चांत मराठी, इंग्रजी, कोंकणी, तमिळ, मलयाळम अशा मिस्सा होतात. प्रत्येकाला आपल्या भाषेत देव भेटतो, आणि शेजारचा माणूस दुसऱ्या वेळेच्या मिस्सेला जातो. बदल चांगलाच झाला, फुकट मात्र झाला नाही.

मला या संस्थेतली खरी कमाल वाटते ती एका वहीची. बाप्तिस्म्याची नोंदवही. मुलाचं नाव, आईबाप, धर्मपिता, धर्ममाता, तारीख, पाद्रीची सही, आणि कडेला कोरी जागा. त्या जागेचं काम वीस-पंचवीस वर्षांनी निघतं. समजा मडगावला बाप्तिस्मा झालेला मुलगा हिंजवडीत नोकरीला आला आणि त्यानं इथं लग्न ठरवलं. इथला फादर आधी मडगावहून बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागवतो. लग्न लागलं की इथून मडगावला कळवतो, आणि तिथं त्या जुन्या नोंदीच्या कडेला नवी ओळ लिहिली जाते. माणूस कुठंही जाओ, त्याचं पान बाप्तिस्मा झाला त्या गावच्या वहीत भरत राहतं. गहिवर ओसरतो, ही कारकुनी टिकते. पूर्वी आपल्याकडे त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये घराण्यांच्या वह्या काढून आजोबा-पणजोबांच्या सह्या दाखवत, त्याच जातीचं हे काम.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर जरा उभं राहून पाहावं. कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना हात लावत क्रूसाची खूण करून माणसं बाहेर येतात आणि लगेच निघत नाहीत. ‘तूं खंयचो?’ असं विचारलं जातं, आणि उत्तरात गावानंतर वाड्याचं नाव यावं लागतं. नगरकडच्या मराठी कुटुंबात हाच प्रश्न हरिगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेवरून सुरू होतो. ईशान्येकडची कॉलेजची मुलं वेगळा घोळका करून उभी असतात. खोली कुठं मिळेल, डबा कोण देतं, कुठल्या दवाखान्यात आपली नर्स आहे, हे सगळं त्या दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. देवाचं काम आत झालेलं असतं, हे बाहेरचं. दोन्हीत मोठं कोणतं, हे मी, पाहुणा माणूस, कसं सांगणार?

सिटी चर्चचा सण ८ डिसेंबरला असतो. मेणवलीची घंटा पाहून झाली असेल तर त्या दिवशी क्वार्टर गेटलाही एक चक्कर मारून या.