हिवाळी बार्लीचे वाण

हिवाळी बार्ली हे शरद ऋतूत पेरले जाणारे आणि पुढील उन्हाळ्यात काढणीस येणारे बार्लीचे (सातूचे, शास्त्रीय नाव : हॉर्डियम व्हल्गेर) पीक आहे. ब्रिटनमध्ये त्याची पेरणी साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये व काढणी जुलैमध्ये होते. या पिकाच्या वाणांची तुलना मुख्यतः हेक्टरी उत्पादन आणि माल्टसाठीची योग्यता या दोन निकषांवर केली जाते.

वैशिष्ट्ये

हिवाळी वाणांना फुलोरा येण्यासाठी दीर्घकाळ थंडी लागते. या प्रक्रियेस वसंतीकरण म्हणतात. भारतात रब्बी हंगामात पेरली जाणारी बार्ली प्रामुख्याने वसंती प्रकारची असून तिला अशा थंडीची गरज नसते. शेतात अधिक काळ राहत असल्याने हिवाळी बार्लीचे उत्पादन सामान्यतः वसंती बार्लीपेक्षा जास्त असते.

कणसातील दाण्यांच्या रांगांनुसार वाणांचे द्विपंक्ती आणि षट्‌पंक्ती असे प्रकार होतात. षट्‌पंक्ती वाणांचे दाणे कमी-जास्त आकाराचे असल्याने ब्रिटनमध्ये ते मुख्यतः पशुखाद्यासाठी, तर एकसारख्या दाण्यांचे द्विपंक्ती वाण माल्टसाठी वापरतात.

माल्टसाठीचे निकष

माल्ट तयार करताना बार्ली भिजवून तिला मोड आणतात व नंतर ती भट्टीत वाळवतात. मोड येताना निर्माण होणारी विकरे पुढे दाण्यातील स्टार्चचे शर्करेत रूपांतर करतात. त्यामुळे दाणा जिवंत असणे अत्यावश्यक ठरते. किमान ९८ टक्के उगवणक्षमता अपेक्षित असते. पशुखाद्यासाठी अशी अट नसते.

दाण्यातील नायट्रोजनचे प्रमाणही महत्त्वाचे असते. नायट्रोजन वाढला की प्रथिने वाढतात, स्टार्चचा वाटा घटतो आणि माल्टपासून मिळणारा अर्क कमी होतो. उत्पादन वाढविण्यासाठी दिलेले नत्रखत, विशेषतः उशिरा दिल्यास, माल ठरलेल्या मर्यादेबाहेर नेऊ शकते. असा माल पशुखाद्याच्या कमी दराने विकावा लागतो.

मॅरिस ऑटर

या दोन निकषांमधील ताणाचे ठळक उदाहरण म्हणजे मॅरिस ऑटर हा द्विपंक्ती वाण. केंब्रिज येथील वनस्पती पैदास संस्थेत जी. डी. एच. बेल यांच्या मार्गदर्शनाखाली प्रॉक्टर व पायोनियर या वाणांच्या संकरातून तो विकसित झाला आणि १९६०च्या दशकाच्या मध्यास शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. उत्तम माल्टमुळे तो १९७०च्या दशकात लोकप्रिय झाला. पुढे अधिक उत्पादन देणारे वाण आले. त्यांपैकी हॅल्सियन हा मॅरिस ऑटरच्याच संकरातून निर्माण झाला होता. उंच वाढीमुळे पीक लोळण्याची शक्यता आणि बियाण्याची घटलेली शुद्धता यांमुळेही मॅरिस ऑटर मागे पडला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तो शिफारस यादीतून वगळला गेला.

पारंपरिक एल बिअर बनविणाऱ्यांची मागणी मात्र टिकून राहिली. १९९०च्या दशकात दोन इंग्रज बियाणे व्यापारी कंपन्यांनी शुद्ध बियाण्याची जोपासना सुरू केली. तेव्हापासून हे पीक मुख्यतः करारावर घेतले जाते आणि कमी उत्पादनाची भरपाई वाढीव दराने होते.

वाणांची तुलना

ब्रिटनमध्ये वाणांच्या चाचण्या अनेक ठिकाणी व अनेक हंगामांत घेतल्या जातात. उत्पादन हे नियंत्रक वाणांच्या टक्केवारीत मांडतात. बुरशीनाशक वापरून आणि न वापरता आलेले आकडे स्वतंत्रपणे देतात. माल्टसाठीच्या योग्यतेची परीक्षा वेगळी होते व तिला मान्यताही वेगळी मिळते. म्हणून केवळ उत्पादनाच्या क्रमवारीवरून वाणाची निवड करणे अपुरे ठरते. माल्टचा वाढीव दर आणि माल नाकारला जाण्याचा धोकाही विचारात घ्यावा लागतो.