आकड्याआधीचं अक्षर
गच्चीवरचा हीट पंप : लेखांक ६

आज आरसीसीबीचे प्रकार सांगायचे ठरलं होतं. ते पुढच्या रविवारी. कारण या मंगळवारी साताऱ्याच्या एका मुलींच्या वसतिगृहातून अधीक्षक बाईंचं पत्र आलं. त्यांच्या गच्चीवर दहा एचपीचा हीट पंप आहे. थंडीत तो पहाटे चारला टायमरवर सुरू होतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा सुरू होता होताच एमसीबी पडते. मग मुली गार पाण्याने आंघोळ करून परीक्षेला जातात. बाई विचारतात, ‘वायरमन म्हणतो २५ची काढून ४०ची टाकू, कटकट मिटेल. टाकू का?’

टाकू नका, हे उत्तर मी फोनवर लगेच दिलं. पण ते का, हे नीट सांगायला एक अख्खा लेखांकच हवा.

बाईंनी फोटो पाठवले होते, त्यामुळे काम सोपं झालं. मशीनच्या पाटीवर चालू करंट १८ अँपिअर, एलआरए ११८ अँपिअर. एलआरए म्हणजे कॉम्प्रेसरची मोटर जागची हलायच्या आधी जो करंट ओढते तो. एमसीबीवर ‘सी २५’. वायर तांब्याची, ४ स्क्वेअरची.

एमसीबीच्या पोटात दोन राखणदार असतात. एक द्विधातूची पट्टी. ती तापून वाकते, सावकाश निर्णय घेते. दुसरं चुंबक. ते एका झटक्याला पाडतं, वाट पाहत नाही. हे दोघे एकाच छोट्या डबीत बसवण्याचं श्रेय जर्मनीच्या ह्यूगो स्टोट्झ यांना दिलं जातं. १९२४ साली ब्राउन बोव्हेरी कंपनीने त्याचं पेटंट घेतलं. शंभर वर्षं झाली, तरी आपल्या पॅनेलमधल्या डबीची मूळ कल्पना तीच आहे.

आकडा पट्टीचा आणि अक्षर चुंबकाचं. आजचा सगळा लेख या एका वाक्यात आहे.

२५ या आकड्याचा अर्थ असा, की २८ अँपिअरपर्यंत म्हणजे १.१३ पटीपर्यंत पट्टी तासभर तरी पाडणार नाही. ३६ अँपिअरला म्हणजे १.४५ पटीला तासाभरात पाडायलाच हवी. अक्षर सांगतं चुंबक केव्हा उडी मारणार. बी असेल तर ३ ते ५ पटीत, सी असेल तर ५ ते १० पटीत, डी असेल तर १० ते २० पटीत. सुरुवात ‘ए’पासून का नाही? अँपिअरच्या ‘ए’शी घोटाळा होऊ नये म्हणून ते अक्षर वगळलं.

आता बाईंची एमसीबी पाहा. सी २५चं चुंबक १२५ ते २५० अँपिअरच्या दरम्यान कुठेही उडू शकतं. मोटरचे ११८ त्या उंबरठ्याच्या अगदी अलीकडे आहेत. त्यात पहिल्या झटक्याचं शिखर ११८च्या हिशेबापेक्षा बरंच वर जातं. कॉन्टॅक्टर कोणत्या क्षणी मिटला त्यावर ते शिखर थोडं कमी-जास्त होतं, आणि पहाटे व्होल्टेजही चढलेलं असतं. म्हणून रोज पडत नाही, दोन-तीनदाच पडते. बाईंनी ‘सुरू होता होताच’ हे तीन शब्द लिहिले नसते, तर मला निदान करता आलं नसतं. वीस मिनिटं चालून पडली असती तर दोष पट्टीच्या बाजूला शोधला असता : ओव्हरलोड, ढिला स्क्रू किंवा उन्हात तापलेला पत्र्याचा डबा. एमसीबी पडली की ‘केव्हा पडली’ हा पहिला प्रश्न विचारा.

४०ची टाकली तर चुंबकाचा उंबरठा २०० वर जाईल आणि तक्रार थांबेल, हे खरं. पण पट्टीचा उंबरठाही सोबत वर जाईल. मग ४५ अँपिअर करंट तासन्‌तास वाहिला तरी कुणी अडवणार नाही. पाइपातली, गच्चीच्या उन्हातली ४ स्क्वेअरची वायर त्यासाठी नाही. इन्सुलेशन हळूहळू करपेल, आणि त्याच्या खाली मुली झोपलेल्या असतात.

म्हणजे आकडा तोच ठेवायचा आणि अक्षर बदलायचं. डी २५. पट्टी होती तशीच राहते, चुंबक मात्र २५०च्या आत हलत नाही. इथे लेख संपायला हरकत नव्हती. मीही बरीच वर्षं इथेच थांबत होतो.

मग महाबळेश्वरच्या एका हॉटेलात लूप टेस्टर, म्हणजे करंटच्या जाण्या-येण्याच्या वाटेचा विरोध मोजणारं यंत्र, हातात आला. तिथे अशाच तक्रारीवर मी डी बसवून दिली होती. वर्षभर एकदाही पडली नाही, मालक खूश. पुढे दुसऱ्या कामाला गेलो तेव्हा गच्चीवर सहज टेस्टर लावला, आणि आकडा पाहून मी तिथेच खाली बसलो.

हिशेब असा. डी २५ नक्की पडायला ५०० अँपिअर लागतात. फेजची वायर मशीनच्या बॉडीला लागली, तर २३० व्होल्टला ५०० अँपिअर वाहू द्यायला जाण्या-येण्याच्या सगळ्या वाटेचा विरोध ०.४६ ओहमच्या आत हवा. ४ स्क्वेअरचं तांबं किलोमीटरला सुमारे ४.६ ओहम. पॅनेलपासून मशीन ६० मीटर लांब असेल, तर फेज आणि अर्थ मिळून १२० मीटर, म्हणजे ०.५५ ओहम. ट्रान्स्फॉर्मरपासून पॅनेलपर्यंतची वाट अजून धरलीच नाही. चुंबक हलेल याची खात्री गेली. पट्टी तापेपर्यंत मशीनची बॉडी जिवंत राहणार. सी २५ला २५० अँपिअर पुरतात, म्हणजे ०.९२ ओहमपर्यंत चालतं. आपण त्रास काढला, आणि त्याबरोबर अर्धी राखणही काढून टाकली.

परतीची वाट फक्त मातीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यातून असेल, तर विरोध काही ओहमांत जातो. मग सी असो वा डी, कुणाचंच चुंबक जागं होत नाही. तिथे बाहेर गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारी आरसीसीबी हाच एक आधार. पुढच्या रविवारचा विषय मी टाळलेला नाही, त्याची गरज आज दाखवली.

बाईंना मी लिहिलं ते असं. २५ कायम ठेवा. डी घ्या, थ्री-पोल, एकच दांडी तिन्ही फेज एकदम तोडणारी. तीन सुट्या एमसीबी नकोत, नाहीतर गेल्या लेखांकातलं सिंगल फेजिंग, म्हणजे एक फेज तुटून उरलेल्या दोनवर मोटर चालणं, पुन्हा दारात. मशीनपाशी लूप मोजून घ्या. ०.४६च्या वर आला तर जाड वायर ओढा, किंवा सॉफ्ट स्टार्टर लावून पहिला झटकाच कमी करा आणि सी ठेवा. आरसीसीबी दोन्ही परिस्थितींत हवीच.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर जातीचा हीट पंप आहे त्यांनी डीच्या नादी लागू नये. त्याची मोटर सावकाश वेग घेते. कंपनीच्या पुस्तिकेत जे अक्षर छापलं असेल तेच घ्या. मात्र त्याची आरसीसीबी वेगळी लागते, आणि तिथेच पुढचा लेख सुरू होईल.

तोवर आपापल्या पॅनेलचं दार उघडून फक्त वाचा, हात लावू नका. आकडा सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या आधीचं अक्षर कोणतं, आणि ते कुणी, का निवडलं, हे मला कळवा.