पत्रा कापणारी कातर

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ठोक्यांच्या आवाजाने ओळखली जाते. पेशवाईपासून येथे तांब्याची भांडी घडवली जात आली आहेत. पण मठारण्याचा हातोडा पडण्याआधी पत्रा मापाने कापावा लागतो. शाळेच्या प्रयोगासाठी तेलाच्या रिकाम्या डब्याचे एखादे उपकरण करायचे झाले, तरी पहिली अडचण तीच. मग पोलादी पत्रा नुसत्या हाताच्या जोराने कापला जातो तरी कसा?

कातरीचे एक पाते वरून व दुसरे खालून दाबते. दोन्हींच्या मधल्या धातूचे शेजारचे थर एकमेकांवरून घसरतात आणि तुटतात. याला कर्तन म्हणतात. साध्या पोलादाच्या एक चौरस मिलिमीटर छेदाला त्यासाठी सुमारे ३० किलोग्रॅम भार लागतो. आपला पत्रा ०.५ मिमी जाड आणि १०० मिमी रुंद आहे असे समजू. तो एका दमात कापायचा तर छेद ५० चौरस मिमी, म्हणजे भार १५०० किलोग्रॅम! हे माणसाच्या हातचे काम नव्हे.

कातर ते एका दमात करतच नाही. तिची पाती एकमेकांशी कोन करतात. हा कोन १० अंशांचा असेल, तर एका क्षणी पत्र्याची जेमतेम ३ मिमी लांबीच कापली जात असते. तो छेद त्रिकोणी असतो. त्याचे क्षेत्रफळ पाऊण चौरस मिमी, म्हणून भार सुमारे २२ किलोग्रॅम. आता तरफेचा नियम लावू. पत्रा खिळीपासून ४ सेंमीवर आणि हाताची पकड २० सेंमीवर असेल, तर हाताला साडेचार किलोग्रॅमच भार लावावा लागेल. (घर्षण आपण सोडून दिले आहे.)

जाडी दुप्पट केली तर? त्रिकोणाची उंचीही दुप्पट होते आणि पायाही. भार चौपट! १ मिमी पत्र्याला हाताने १८ किलोग्रॅम, तर २ मिमीला ७२ किलोग्रॅम लागतील. म्हणूनच जाड पत्र्यासाठी लांब दांड्याची कातर घेऊन तिचा एक दांडा ठोकळ्यात पक्का रोवतात आणि दुसऱ्यावर शरीराचा भार देतात.

यावरून कामाच्या काही गोष्टी निघतात. पत्रा खिळीच्या जितका जवळ धरता येईल तितका धरावा. खिळी सैल असेल तर पत्रा कापला न जाता पात्यांमध्ये दुमडतो. ती आधी घट्ट करावी. पाती टोकापर्यंत मिटू नयेत, नाहीतर प्रत्येक वेळी कडेला खाच पडते.

लोखंड कापायची करवत पातळ पत्र्यावर अडते, त्याचेही कारण सोपे आहे. इंचाला ३२ दाते असलेल्या बारीक पात्यातही दोन दात्यांमध्ये ०.८ मिमी अंतर असते. ०.५ मिमीचा पत्रा त्या फटीत शिरतो आणि दाते मोडतात. पत्रा प्लायवुडच्या दोन तुकड्यांमध्ये घट्ट आवळून तिन्ही एकत्र कापल्यास एका वेळी अनेक दाते टेकतात व करवत सरळ चालते.

डबा निवडताना मात्र शिक्षकांनी स्वतः लक्ष घालावे. पेट्रोल, थिनर यांचे डबे रिकामे दिसले तरी आत वाफ राहते. तेथे एक ठिणगी पुरते. असे डबे वर्गात आणूच नयेत. कापताना चामडी हातमोजे व डोळ्यांना चष्मा हवा. शेवटी प्रत्येक कड कानशीने घासावी. ती गुळगुळीत झाली की नाही हे बोटाने पाहू नये. सुती कापडाचा तुकडा तिच्यावरून फिरवावा. एक धागा जरी अडकला, तरी ती वस्तू मुलांच्या हाती देण्याजोगी अजून झालेली नाही.