पहिल्या बॅचचा हिशोब

"मामी, तिथे मला सीनियर्सच नसतील!" गेल्या महिन्यात नणंदेची मुलगी आमच्या डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसली होती. यंदा तिने मेडिकलचे अर्ज भरलेत आणि यादीतली दोन कॉलेजं अगदी कोरी करकरीत आहेत.

आपल्याकडे नवं कॉलेज म्हटलं की डोनेशन आठवतं. इथे कधी कधी उलटं घडतं. ऑरलँडोच्या युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाने 2009 साली मेडिकल कॉलेज काढलं, तेव्हा पहिल्या बॅचच्या सगळ्यांची चार वर्षांची फी आणि राहण्याखाण्याचा खर्चसुद्धा देणग्यांतून भागवला. पॅसाडीनाच्या कायझर परमनंटेने 2020 ते 2024 मध्ये आलेल्या पाचही बॅचेसना ट्यूशन माफ केली. बेंटनव्हिलचं ॲलिस वॉल्टन यांचं कॉलेज 2025 च्या जुलैत उघडलं. तिथेही पहिल्या पाच बॅचेसना ट्यूशन नाही. ज्याचं अजून नाव झालेलं नाही, त्याला हुशार मुलं अशीच ओढावी लागतात!

पण सगळीच इतकी दिलदार नसतात. आमच्या यादीतलं एक निम्मी फी सोडतं, दुसरं छदामही नाही. मी जुनी शिक्षिका, कागद-पेन्सिल घेतली. फी ही नुसती वरची ओळ. खाली भाडं, हेल्थ इन्शुरन्स, परीक्षांचे पैसे. शिवाय कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल नाही, रोटेशन्स तीन गावांत. म्हणजे गाडी आलीच.

वन्सं फोनवर म्हणाल्या, "अगं, कर्ज काढू की!" मेख तिथेच आहे. 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस कर्ज बंद. मेडिकलला सरकारी कर्ज वर्षाला 50 हजार डॉलर, एकूण 2 लाख, बस्स. वरचं खाजगी बँकेकडून, आणि तिथे बहुधा आईवडिलांची सही लागते. वन्संच्या घराचे हप्ते अजून चालू आहेत. त्या क्षणभर गप्पच झाल्या.

त्यात नव्या कॉलेजची पूर्ण मान्यता पहिली बॅच शेवटच्या वर्षाला पोचते तेव्हाची. मुलांना रेसिडेन्सी कुठे मिळाली, हे विचारावं तर अजून कुणी बाहेरच पडलेलं नाही.

"पण मामी, पहिल्या बॅचचं सगळे ऐकतात म्हणे," ती म्हणाली. डोळे चमकत होते. तेही खरंच.

पुढच्या आठवड्यात राज्याच्या जुन्या कॉलेजचा इंटरव्ह्यू आहे. अखेरची निवड 30 एप्रिलपर्यंत करायची. तोवर तो कागद आमच्या फ्रिजवर आहे. निम्म्या फीच्या ओळीखाली तिने दोनदा रेघ मारलीय.