पोटाची चरबी : गार यंत्र की गरम?

"डॉक्टर, सुरी न लावता पोट कमी करायला कोणते यंत्र चांगले?" असे पुष्कळजण विचारतात. मी आधी पोटाला चिमटा घ्यायला सांगतो. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. गोठवणारे असो की लेसरने तापवणारे, यंत्र तिच्यापुरतेच. पोट सुटलेले, पण टणक असेल तर चरबी बहुधा आत, आतड्यांभोवती असते. मधुमेहाला आमंत्रण देणारी हीच, आणि तिथे यंत्र पोचत नाही. तिच्यावर उपाय चालणे आणि आहार.

गोठवल्याने त्या जागचा थर साधारण २० ते २५ टक्के घटतो, तोही दोन-तीन महिन्यांत. वजन मात्र जवळपास तेवढेच राहते! क्वचित चरबी उलट वाढते. मग बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. गारव्याने अंगावर गांधी उठणाऱ्यांनी हा उपचार टाळावा. चुंबकीय यंत्र स्नायू आवळते. पेसमेकर बसवलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.